उन्हाळी, सराटा आणि पाण्याचा हिशेब

नाशिकला गंगापूर रोडच्या कडेच्या मोकळ्या, रेताड जागेत जमिनीला चिकटून पसरणारी पिवळ्या फुलांची एक वनस्पती दिसते. सायकलीच्या चाकात रुतणारे तिचे काटेरी फळ म्हणजे सराटा. आयुर्वेदात हाच गोखरू. उन्हाळी लागली, म्हणजे लघवीला जळजळ होऊ लागली, की सराट्याचा काढा किंवा धने भिजवलेले पाणी देण्याची रीत जुनी आहे. त्याने बरे वाटते असे पुष्कळजण सांगतात. पण बरे कशाने वाटले, सराट्याने की पाण्याने?

अशी जळजळ बहुधा आतड्यातील ई. कोलाय जिवाणू मूत्रमार्गातून वर चढल्याने होते. स्त्रियांचा मूत्रमार्ग जेमतेम चार सेंटिमीटर लांब, म्हणून त्यांना हा त्रास अधिक. लघवीच्या प्रवाहाबरोबर जिवाणू धुऊन जातात. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, वारंवार संसर्ग होणाऱ्या आणि पाणी कमी पिणाऱ्या १४० स्त्रिया होत्या. निम्म्यांनी रोज दीड लिटर पाणी जास्त प्यायले. वर्षभरात त्यांना सरासरी १.७ वेळा त्रास झाला, इतरांना ३.२ वेळा. औषधी वनस्पती एकही नव्हती!

तेव्हा सराट्याची परीक्षा घ्यायची तर दुसऱ्या गटाला तेवढेच, त्याच रंगाचे व चवीचे साधे पाणी द्यायला हवे. प्राण्यांवरील प्रयोगांत सराट्याने लघवी वाढलेली दिसली आहे. वायवर्ण्याच्या सालीतील ल्युपिऑलने उंदरांमध्ये खडे बनणे कमी झाले. माणसांतला पुरावा मात्र अजून तुटपुंजा आहे. अमेरिकेतील क्रॅनबेरी या फळाची गोष्ट बोलकी आहे. कॉक्रेन संस्थेच्या २०१२च्या आढाव्यात त्याचा फारसा उपयोग दिसला नव्हता. २०२३ साली ५० चाचण्या एकत्र पाहिल्यावर वारंवार त्रास होणाऱ्या स्त्रियांत धोका सुमारे पावपट कमी झालेला आढळला. तोही प्रतिबंधापुरता, झालेला संसर्ग बरा करण्यासाठी नव्हे.

शाळेतील स्वच्छतागृह घाण असले की मुली सकाळपासून पाणी पीत नाहीत, लघवी दाबून धरतात. त्यावर काढा हा उपाय नाही; मुख्याध्यापकांकडे नळ आणि कडी यांचाच आग्रह धरावा लागतो. थंडी वाजून ताप, कुशीत किंवा पाठीत दुखणे, लघवीत रक्त यांपैकी काही दिसले तर संसर्ग मूत्रपिंडापर्यंत गेलेला असू शकतो. अशा वेळी त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे आणि लघवी तपासून घ्यावी.