दीडशे मिलिलिटरच्या पेल्यातला बेल्जियम

बेल्जियममध्ये भरणाऱ्या बिअर-चाखणीच्या महोत्सवांत आत येणाऱ्याच्या हाती सर्वप्रथम एक लहानसा काचेचा पेला दिला जातो. त्यात सहसा १५ सेंटिलिटर, म्हणजे १५० मिलिलिटर बिअर मावते, आणि दारातच विकत घेतलेली टोकने देऊन दिवसभर निरनिराळ्या ब्रुअरींच्या टेबलांवर तो पुन्हा पुन्हा भरून घेता येतो. हे माप ३३ सेंटिलिटरच्या प्रचलित बाटलीच्या निम्म्याहूनही कमी असल्याने ते तहान भागवण्यासाठी नव्हे, तुलना करण्यासाठी ठरवलेले आहे, हे उघड आहे. एकाच छपराखाली शेकडो प्रकारच्या बिअर मांडलेल्या असताना एकट्या माणसाला त्यांतील फार थोड्यांपर्यंत पोहोचता येते, म्हणून जाणकार मंडळी अशा ठिकाणी चार-पाच मित्रांच्या गटाने जातात, प्रत्येक जण वेगळी बिअर घेऊन येतो आणि सगळे पेले सगळ्यांच्या हातून फिरतात. मित्रांची ही संगत केवळ करमणुकीची सोय आहे, असे मानले तर या संस्कृतीचे मर्म निसटते, कारण बेल्जियन बिअरचे वैविध्य इतके विलक्षण आहे की एका जिभेला आणि एका दिवसाला ते पेलणारे नाही.

हे महोत्सव बहुतांशी ग्राहकांनीच उभे केले आहेत, ही त्यांच्या इतिहासातील सर्वांत महत्त्वाची बाब आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी या छोट्या देशात तीन हजारांहून अधिक ब्रुअरी होत्या. पहिल्या महायुद्धात जर्मन सैन्याने युद्धसामग्रीसाठी त्यांची तांब्याची भांडी काढून नेली, पुढे दुसरे महायुद्ध झाले, स्वच्छ सोनेरी पिल्सनर बिअरची सर्वत्र सरशी झाली आणि मोठ्या कंपन्यांनी लहानांना गिळले, तेव्हा खेडोपाडीच्या जुन्या पद्धती एकामागून एक लोप पावू लागल्या. या ऱ्हासाची काळजी वाटणाऱ्या रसिकांनी १९८४ मध्ये ‘ओब्येक्टीव्ह बिअरप्रूव्हर्स’ नावाची संघटना काढली. १९९० मध्ये ब्रिटन आणि नेदरलँड्समधील अशाच संघटनांसह ती युरोपीय ग्राहक महासंघाची संस्थापक-सदस्य झाली, आणि तिचे काम थांबल्यावर २००३ मध्ये स्थापन झालेल्या ‘झिथोस’ने तो वारसा पुढे चालवला. झिथोसचा महोत्सव आधी सिंट-निकलास येथे आणि नंतर अनेक वर्षे लूव्हेन शहरात भरला. जगातील सर्वांत मोठ्या बिअर कंपनीचे मुख्यालय ज्या शहरात आहे, तेथेच चिमुकल्या ब्रुअरींनी आपली टेबले मांडावीत, याला निश्चितच अर्थ आहे. याशिवाय एसेन गावी डिसेंबरात केवळ नाताळच्या मसालेदार, गडद बिअरचा महोत्सव भरतो, तर हिवाळ्यात ब्रुज शहरातही बिअरचा मेळा होतो. २०१६ मध्ये युनेस्कोने बेल्जियमच्या बिअर-संस्कृतीला मानवतेच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या प्रातिनिधिक यादीत स्थान दिले, तेव्हा तो मान कोणा एका पेयाला मिळाला नाही; बनवणारे, विकणारे, चाखणारे आणि त्याविषयी जाणतेपणाने बोलणारे अशा संपूर्ण समाजाला तो मिळाला.

या वैविध्याची मुळे इतिहासात शोधावी लागतात. जर्मनीतील बव्हेरियात १५१६ च्या फर्मानाने बिअरमध्ये पाणी, बार्ली आणि हॉप्स (हॉप नावाच्या वेलीची कडवट, सुगंधी फुले) एवढेच घटक वापरण्याचे बंधन घातले. बेल्जियमच्या भूमीवर असे बंधन रुजले नाही, त्यामुळे तेथे गहू, ओट, साखर, धने, संत्र्याची साल, आंबट चेरी यांपैकी जे परिसरात किंवा बंदरात मिळाले ते पिंपात गेले. त्यानंतर १९१९ मध्ये न्यायमंत्री एमिल व्हान्डरव्हेल्डे यांच्या पुढाकाराने कॅफे आणि सार्वजनिक जागांत जिनसारख्या कडक मद्याच्या विक्रीवर बंदी आली, आणि ती सहा दशकांहून अधिक काळ टिकली. कामगारांना व्यसनापासून वाचवणे हा तिचा हेतू होता. तिचा एक अनपेक्षित परिणाम असा झाला की कडक पेयाची सवय असलेल्या गिऱ्हाइकांसाठी ब्रुअरी अधिक मद्यांशाची बिअर बनवू लागल्या, आणि ८ ते १० टक्के मद्यांशाच्या ज्या बिअरसाठी हा देश आज ओळखला जातो, त्यांच्या प्रसाराला या कायद्याने मोठा हातभार लावला.

चाखणीचा दिवस सहसा हलक्या बिअरपासून सुरू होतो, आणि त्यासाठी ‘विटबिअर’ म्हणजे पांढरट गव्हाची बिअर सोयीची ठरते. न भाजलेला, मोड न आणलेला गहू मोठ्या प्रमाणात घातल्यामुळे ती धुक्यासारखी गढूळ दिसते, आणि धने व कडवट संत्र्याची वाळलेली साल यांमुळे तिला ताजा, किंचित मसालेदार गंध येतो. हूगार्डन गावातील या पेयाची शेवटची ब्रुअरी १९५७ मध्ये बंद पडली, तेव्हा शेकडो वर्षांची परंपरा संपल्यातच जमा होती. परंतु तारुण्यात त्या ब्रुअरीत हातभार लावलेला दूधविक्रेता पिएर सेलिस याने १९६० च्या दशकाच्या मध्यास ती पाककृती आठवणीतून पुन्हा उभी केली. एका माणसाच्या स्मरणशक्तीवर एक संपूर्ण प्रकार जगला, याचे मोल कितीही सांगितले तरी थोडेच आहे. भारतीय ग्राहकाच्या परिचयाची गव्हाची बिअरही याच घराण्यातली आहे. २०१५ मध्ये बाजारात आलेली ‘बिरा ९१’ सुरुवातीला बेल्जियममध्येच तयार होऊन भारतात येत असे.

विटबिअरनंतर ज्या सोनेरी आणि तपकिरी बिअर येतात, त्यांच्या चवीचा खरा कर्ता यीस्ट म्हणजे किण्व असतो. यीस्ट ही एकपेशीय बुरशी माल्टमधील, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या बार्लीतील साखर खाऊन मद्य आणि कार्बन डायऑक्साइड तयार करते. मात्र त्याच वेळी ती अनेक सुगंधी द्रव्येही सोडते, आणि बेल्जियन यीस्ट तुलनेने उबदार तापमानात काम करत असल्याने या द्रव्यांचे प्रमाण ठळक असते. आयसोअमाइल अ‍ॅसिटेट या द्रव्यामुळे पिकलेल्या केळ्याचा, तर चार-व्हिनाइल ग्वायकॉलमुळे लवंगेचा वास येतो. पेल्यात केळे आणि लवंग दोन्ही जाणवत असताना प्रत्यक्षात त्यांपैकी काहीही घातलेले नसते, ही गोष्ट नवख्या माणसाला खरी वाटत नाही. ‘ड्यूव्हल’ या ८.५ टक्क्यांच्या सोनेरी बिअरचे यीस्ट मोर्टगाट कुटुंबाने स्कॉटलंडहून आणले होते. गडद बिअरमध्ये मनुका, अंजीर आणि जळक्या साखरेचा भास होतो, त्यात माल्टइतकाच वाटा ‘कँडी’ साखरेच्या पाकाचा असतो. ही साखर जवळजवळ पूर्णपणे किण्वित होत असल्यामुळे मद्यांश वाढूनही बिअर जड लागत नाही.

या गटातच ट्रॅपिस्ट बिअर मोडतात. ट्रॅपिस्ट हे कॅथलिक पंथातील कडक शिस्तीचे मठवासी असून आपल्या श्रमावर आपला निर्वाह करावा, हा त्यांचा नियम आहे. १९९७ मध्ये स्थापन झालेल्या त्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचे षट्कोनी चिन्ह मिळवण्यासाठी बिअर मठाच्या परिसरातच आणि मठवासीयांच्या देखरेखीखाली बनावी लागते, आणि नफा मठाच्या गरजा व समाजकार्य यांवर खर्च करावा लागतो. बेल्जियममधील आखेल मठाची बिअर २०२१ मध्ये या चिन्हाला मुकली, कारण तेथे निवासी मठवासी उरले नाहीत. आता वेस्टमाल, वेस्टफ्लेटेरेन, शिमे, ओरवाल आणि रोशफोर ही पाच नावे राहिली आहेत. वेस्टमालच्या मठाने १९३४ मध्ये आणलेली ९.५ टक्क्यांची ‘त्रिपेल’ हा जगभरच्या फिक्या, कडक बिअरचा आदर्श ठरला. ओरवालची गोष्ट मात्र स्वतंत्र आहे, कारण बाटलीत भरताना तिच्यात ब्रेटॅनोमायसेस नावाचे रानटी यीस्ट मिसळले जाते आणि ते महिनोन्‌महिने आतल्या आत काम करत राहते. ताजी ओरवाल हॉप्सने खरपूस कडू लागते, तर वर्षभर मुरलेली कोरडी, चामड्याच्या आणि गवताच्या गंधाची होते. ताजी आणि मुरलेली अशा दोन बाटल्या मित्रांनी शेजारी ठेवून चाखणे, हा या साऱ्या शिक्षणातील उत्तम धडा म्हणता येईल.

रानटी यीस्टचे खरे राज्य ब्रसेल्सजवळच्या झेने नदीच्या खोऱ्यात आणि पायोटेनलँड या शेतीप्रधान भागात आहे. तेथील ‘लाम्बिक’ बिअरमध्ये यीस्ट बाहेरून घातलेच जात नाही. गहू आणि बार्लीचा उकळलेला काढा ‘कूलस्किप’ नावाच्या उथळ, विस्तीर्ण भांड्यात छपराखाली रात्रभर उघडा ठेवला जातो आणि थंड हवेतील सूक्ष्मजीव त्यात आपोआप उतरतात. कोकणात माडाचा ताजा रस मडक्यात पडताच हवेतल्या किण्वाने त्याची माडी होऊ लागते, तोच न्याय येथे चालतो, परंतु माडी काही तासांत तयार होते आणि लाम्बिकला एक ते तीन वर्षे लागतात. उन्हाळ्याच्या हवेत नको असलेले जिवाणू फार असल्याने हे काम साधारण ऑक्टोबर ते एप्रिल या थंड काळातच केले जाते. हॉप्ससुद्धा मुद्दाम कित्येक वर्षे जुने वापरतात, कारण त्यांचा कडवटपणा ओसरलेला असला तरी जिवाणूंना आवर घालण्याची शक्ती शिल्लक असते. त्यानंतर ओकच्या पिंपांत एक लांबलचक क्रम सुरू होतो. आधी आतड्यांतील जिवाणूंच्या कुळातील काही जीव, मग नेहमीचे यीस्ट, मग आंबटपणा आणणारे लॅक्टिक जिवाणू आणि शेवटी ब्रेटॅनोमायसेस असे एकापाठोपाठ एक येऊन त्या द्रवाला घडवतात. ब्रसेल्समधील १९०० साली सुरू झालेल्या काँतियाँ ब्रुअरीत पिंपांवरची कोळिष्टके झाडत नाहीत, कारण कोळी पिंपांवर येणाऱ्या माश्या-किडे खातात. स्वच्छतेचा आधुनिक आग्रह येथे जाणूनबुजून बाजूला ठेवावा लागतो.

एक, दोन आणि तीन वर्षे मुरलेल्या लाम्बिकच्या मिश्रणाला ‘ग्यूझ’ म्हणतात. कोवळ्या लाम्बिकमधील उरलेली साखर बाटलीत पुन्हा किण्वित होऊन फेस आणते, तर जुन्या लाम्बिकमधून खोली येते. कोणत्या पिंपातून किती घ्यायचे हे ठरवणारा मिश्रणकार या परंपरेचा खरा कलावंत होय. आंबट चेरी घालून मुरवलेल्या लाम्बिकला ‘क्रीक’ म्हणतात. साखर घालून गोड केलेली स्वस्त ग्यूझ बाजारात फार झाल्यामुळे १९९७ मध्ये युरोपीय संघाने ‘ऊड ग्यूझ’, म्हणजे जुन्या पद्धतीची ग्यूझ, या नावाला पारंपरिक उत्पादन म्हणून संरक्षण दिले. म्हणून महोत्सवात लेबलवरचा ‘ऊड’ हा शब्द पाहण्याची सवय प्रत्येक चाखणाऱ्याने लावून घ्यावी. पहिल्या घोटाला ग्यूझ बहुतेकांना नको इतकी आंबट वाटते. तिसऱ्या-चौथ्या घोटाला लिंबाची साल, ओले लाकूड, सफरचंद आणि तबेल्याचा गंध वेगवेगळे उमगू लागतात, आणि मग ती एका संपूर्ण खोऱ्याची हवा बाटलीत धरलेली आहे, हे लक्षात येते.

मित्रांच्या संगतीचा शास्त्रीय आधार येथे स्पष्ट होतो. ज्याला आपण चव म्हणतो, तिचा मोठा भाग गंधाचा असतो आणि तो घशाच्या मागून नाकात पोहोचतो. शिवाय एकाच द्रव्याची जाणीव सगळ्यांना सारखी होत नाही. लोण्यासारखा वास देणारे डायअ‍ॅसिटिल काहींना अगदी थोडे असले तरी कळते, काहींना बरेच असूनही कळत नाही. त्यामुळे एकाला जाणवलेला लवंगेचा गंध दुसऱ्याने ऐकून पुन्हा शोधला, तिसऱ्याने तो नाकारला आणि त्यावर थोडा वाद झाला, तरच चारही जणांना पेल्यात काय आहे याचे पुरेसे चित्र मिळते. या संवादासाठी काही शिस्त पाळावी लागते. फिक्यापासून गडदाकडे आणि कमी मद्यांशापासून अधिक मद्यांशाकडे जावे, दोन बिअरमध्ये पाणी प्यावे, साधा पाव किंवा सौम्य चीज खावे आणि आपले मत बोलण्याआधी प्रत्येकाने ते वहीत लिहून घ्यावे, म्हणजे पहिल्या वक्त्याच्या शब्दांचा इतरांवर पगडा बसत नाही.

पेले वाटून घेण्यामागे मद्यांशाचा हिशेबही असतो, आणि तो न टाळता मांडला पाहिजे. आठ टक्के मद्यांशाच्या बिअरच्या १५० मिलिलिटरमध्ये १२ मिलिलिटर, म्हणजे सुमारे साडेनऊ ग्रॅम शुद्ध मद्य असते, आणि निरोगी प्रौढाचे शरीर तासाला साधारण ७ ते १० ग्रॅम मद्यच बाहेर काढू शकते. एकट्याने असे १६ पेले रिचवले तर सुमारे १५० ग्रॅम मद्य शरीरात जाते आणि तो दिवस निश्चितच धोक्याचा ठरतो. तेच १६ पेले चौघांनी वाटून घेतले तर प्रत्येकाच्या वाट्याला ३८ ग्रॅमच येतात, ते पाच-सहा तासांत विभागले जातात आणि तरीही सोळाच्या सोळा बिअरची ओळख प्रत्येकाला होते. रोशफोरची ११.३ टक्क्यांची ‘१०’ क्रमांकाची बिअर तर एका बाटलीतच २९ ग्रॅमच्या आसपास मद्य बाळगते, त्यामुळे ती दिवसाच्या शेवटी आणि वाटूनच प्यावी, यावर अनुभवी मंडळींचे एकमत दिसते. घरी परतण्यासाठी आगगाडी हाच उत्तम मार्ग होय. ज्यांना मोटार आणावीच लागते, त्यांच्यासाठी बेल्जियमने १९९५ मध्ये ‘बॉब’ नावाची मोहीम सुरू केली. गटातला जो न पिता गाडी चालवण्याची जबाबदारी घेतो तो त्या दिवसाचा बॉब, आणि हे नाव इतके रुजले की ते आता तेथे सामान्यनाम झाले आहे. बॉब होणाऱ्याला चाखणीतून वगळण्याचे कारण नाही, कारण तो प्रत्येक पेला नाकाशी धरून गंध टिपू शकतो, आणि संध्याकाळ होता होता इतरांच्या जाणिवा बोथट झालेल्या असताना वहीतल्या नोंदींपैकी सर्वांत नेमक्या नोंदी त्याच्या असू शकतात.