ट्रकमधला वायरलेस जंगलात नुसताच खरखरतो? नवा सेट घेण्याआधी हे तपासा

आलापल्ली सोडून भामरागडच्या रस्त्याला लागलं की थोड्याच वेळात मोबाइलची रेंज दगा द्यायला लागते. दोन्ही बाजूंना सागवान आणि बांबू, मध्ये एखादं गाव, मग पुन्हा जंगल. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटल्याच्या बातम्या येतात. अशा रस्त्यावर रात्री गाडीचा पाटा तुटला आणि मागच्या गाडीला सांगायचं असेल, तर करायचं काय?

अमेरिकन सिनेमे बघणारे लगेच सांगतील, सीबी रेडिओ! ड्रायव्हर माइक उचलतो, बटण दाबतो आणि पुढच्या-मागच्या सगळ्या ट्रकवाल्यांशी बोलतो.

पण ज्यांनी असा सेट खरंच वापरलाय, त्यांची तक्रार एकच असते. माणसाचा आवाज कमी आणि खरखरच जास्त. मग कोणी म्हणतं सेट बोगस आहे, कोणी म्हणतं जास्त वॉटचा घे.

बहुतेक वेळा हे दोन्ही सल्ले चुकीचे असतात. का ते बघूया.

सीबी म्हणजे काय आणि तो आपल्याकडे चालतो का?

सीबी म्हणजे सिटिझन्स बँड. सामान्य माणसाला परीक्षा न देता वापरता यावा म्हणून राखून ठेवलेला, 27 मेगाहर्ट्झच्या आसपासचा रेडिओ पट्टा. अमेरिकेत तो 1958 मध्ये सुरू झाला. 1973 च्या तेलसंकटात डिझेल कुठे मिळतंय आणि पोलीस कुठे उभे आहेत हे एकमेकांना सांगायला ट्रकवाल्यांनी तो उचलून धरला. गर्दी इतकी वाढली की 1977 पासून 23 चे 40 चॅनल करावे लागले.

भारतात ट्रकच्या केबिनमध्ये तो फारसा रुजला नाही. मोबाइल आला आणि विषय तिथेच संपला. पण चंद्रपूर-गडचिरोलीला वायरलेस नवा नाही. पोलीस, वनविभाग, कोळशाच्या खुल्या खाणी, सगळीकडे वॉकी-टॉकी दिसतो. फरक एवढाच की ते सेट बहुतेक व्हीएचएफ पट्ट्यावर आणि परवान्यावर चालतात.

सामान्य माणसासाठी नियम काय? 2005 पासून 26.957 ते 27.283 मेगाहर्ट्झ हा पट्टा 5 वॉटच्या मर्यादेत परवानामुक्त आहे. इथे एक मेख आहे. अमेरिकन सेटवर 40 चॅनल असतात. त्यातला 27 वा चॅनल 27.275 वर आहे आणि 28 वा 27.285 वर. म्हणजे 28 पासून पुढचे चॅनल आपल्या हद्दीबाहेर जातात. शिवाय उपकरणाची मंजुरी आणि अँटेना यांच्याही अटी आहेत, त्या सेट घेण्याआधीच वाचायला हव्यात. मे 2025 मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने वॉकी-टॉकीच्या ऑनलाइन विक्रीबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या, त्या याच कारणाने. गडचिरोलीसारख्या जिल्ह्यात नाकाबंदीवर बिनमंजुरीचा सेट सापडला तर प्रकरण खरखरीपुरतं राहणार नाही.

खरखर येते कुठून?

सीबीवर पूर्वापार एएम पद्धत चालते. एएममध्ये आवाज लहरीच्या उंचीवर, म्हणजे कमी-जास्त होणाऱ्या ताकदीवर स्वार असतो. आता वीज कडाडली, स्विच उडाला, मोटर फिरली की जी ठिणगी पडते, तीसुद्धा लहरीची उंचीच हलवते. सेटला कळत नाही की यातलं बोलणं कुठलं आणि ठिणगी कुठली. तो दोन्ही ऐकवतो.

पोलिसांचे आणि वनविभागाचे व्हीएचएफ सेट साधारण एफएम पद्धतीवर चालतात. एफएम लहरीच्या उंचीकडे दुर्लक्ष करतं, म्हणून तिथे खरखर कमी. पण सिग्नल एका मर्यादेखाली गेला की तो हळूहळू विरत नाही, एकदम तुटतो.

हा गोंगाट सेटमध्ये तीन दारांनी शिरतो. पहिलं दार अँटेनाचं, दुसरं बॅटरीच्या वायरीचं. तिसरं दार म्हणजे तुम्ही उभे आहात ती जागा. दुरुस्ती म्हणजे आधी दार ओळखायचं. न ओळखता पैसे घातले तर ते वाया जातात.

एका मिनिटाची चाचणी

सेट चालू ठेवा, खरखर ऐका आणि मागची अँटेनाची केबल काढा.

खरखर जवळपास थांबली, तर ती अँटेनातून येत होती. तशीच राहिली, तर ती वायरीतून येतेय.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवायची. केबल काढलेली असताना बोलण्याचं बटण चुकूनही दाबायचं नाही. बाहेर जायला वाट नसलेली ताकद सेटमध्येच परत येते आणि आउटपुट ट्रान्झिस्टर जळू शकतो.

यानंतर इंजिन बंद करून फक्त चावी अर्ध्यावर ठेवा. आवाज गेला, तर दोष इंजिनसोबत चालणाऱ्या एखाद्या भागात. ॲक्सिलरेटर दाबल्यावर शिट्टीसारखा आवाज चढत असेल, तर तो अल्टरनेटर, म्हणजे गॅरेजच्या भाषेत डायनामो.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. इंटरनेटवरचे बरेच सल्ले स्पार्क प्लग आणि त्याच्या वायरी बदलायला सांगतात. ते पेट्रोल गाड्यांसाठी आहेत. आपले ट्रक डिझेलवर चालतात आणि डिझेल इंजिनात स्पार्क प्लग नसतोच. टिकटिक ऐकू येत असेल तर संशयित दुसरे आहेत. वायपरची मोटर, केबिनचा पंखा किंवा शेजारून जाणारी मोटारसायकल.

24 व्होल्टची भानगड

आपल्याकडच्या मोठ्या ट्रकमध्ये, हायवामध्ये दोन बॅटऱ्या जोडून 24 व्होल्ट केलेले असतात. सीबी सेट बहुधा 12 व्होल्टचे. मग दोन प्रकार होतात.

पहिला प्रकार, एकाच बॅटरीवरून 12 व्होल्टची वायर ओढायची. फुकटात काम होतं, पण एक बॅटरी जास्त उतरते आणि दुसरी जास्त चार्ज होते. काही महिन्यांत जोडी बिघडते.

दुसरा प्रकार, 24 चे 12 करणारा कन्व्हर्टर लावायचा. हा मार्ग बरोबर, पण स्वस्त कन्व्हर्टर आतल्या आत सेकंदाला हजारो-लाखो वेळा चालू-बंद होत असतो. तोच एक छोटा गोंगाट करणारा ट्रान्समीटर होऊन बसतो. मोबाइल चार्जर, डॅशकॅम, जीपीएस ट्रॅकर, एलईडी पट्ट्या यांचंही असंच.

ओळखायचं कसं? खिशातला एखादा जुना ट्रान्झिस्टर घ्या. मीडियम वेव्हवर, दोन स्टेशनांच्या मधल्या रिकाम्या जागी सुई न्या आणि डॅशबोर्डजवळ फिरवा. जिथे खरखर वाढेल तिथे चोर आहे. मग एकेक पिन काढून खात्री करा. चार्जर काढल्यावर आवाज गेला, तर दुरुस्तीचा खर्च शून्य.

कन्व्हर्टरच दोषी निघाला तर तो चांगल्या फिल्टरचा घ्या आणि सेटपासून लांब बसवा. सेटची वायर फ्यूज लावून थेट पुरवठ्यावरून घ्या. दिव्यांच्या आणि भोंग्याच्या वायरीत जोड मारू नका.

अँटेना: सगळ्यात जास्त दोष इथेच

27 मेगाहर्ट्झची लहर सुमारे 11 मीटर लांब असते. तिच्या पाव लांबीचा अँटेना हवा म्हटलं तर तो पावणेतीन मीटर, म्हणजे 9 फूट होतो. ट्रकवर तो झाडाच्या पहिल्याच फांदीला अडकेल. म्हणून कॉइल घालून तो आखूड करतात. आखूड अँटेनाला जुळवणी अचूक लागते आणि गाडीचं लोखंड त्याचा अर्धा भाग म्हणून काम करतं. लोखंडी केबिन रंगवलेली असेल, अँटेनाचा क्लॅम्प रंगावरच बसला असेल किंवा बॉडी लाकडी असेल, तर अर्थिंग मिळत नाही. क्लॅम्पखालचा रंग खरवडून, जाड पट्टीने चेसीशी जोड दिला की पुष्कळ फरक पडतो.

जुळवणी मोजायला एसडब्ल्यूआर मीटर लागतो. आकडा 1.5 असेल तर फक्त 4 टक्के ताकद परत येते. 2 ला 11 टक्के, 3 ला 25 टक्के. 2 च्या खाली असला तर चालतं, 3 च्या वर गेला तर बोलणं थांबवायचं. खालच्या चॅनलवर आकडा जास्त असेल तर अँटेना थोडा लांब करायचा, वरच्या चॅनलवर जास्त असेल तर थोडा आखूड. मोजताना दारं बंद हवीत आणि गाडी मोकळ्या जागी हवी.

आता चंद्रपूरची खास अडचण. इथल्या उन्हाळ्यात पारा 45 अंशांपलीकडे जातो. केबलचं काळं आवरण उन्हात तडकतं. तेव्हा काहीच कळत नाही. जूनमध्ये पाऊस आला की त्या चिरेतून पाणी आत उतरतं, तांब्याची जाळी हिरवी पडते आणि सिग्नल केबलमध्येच मुरतो. वर कोळशाची आणि लोहखनिजाची धूळ कनेक्टरवर बसून ओल धरून ठेवते. म्हणून मे अखेरीस केबल बोटांनी चाचपून बघावी, कनेक्टर पुसावा आणि जोडावर पाणी न शिरणारी रबरी टेप गुंडाळावी. मल्टिमीटर असेल तर केबल दोन्हीकडून सोडवून मधली तार आणि जाळी एकमेकांना लागत नाहीत ना, एवढं तपासावं.

जागेचा दोष असेल तर?

सगळं ठीक असूनही खरखर राहिली तर आजूबाजूला बघा. चंद्रपूरचं महाऔष्णिक वीज केंद्र 2920 मेगावॉटचं आहे. तिथून निघालेल्या उच्चदाब वाहिन्या सगळ्या दिशांना जातात. मुंबईजवळच्या पडघ्यापर्यंत गेलेली 752 किलोमीटरची वाहिनी इथलीच. अशा तारांखाली, विशेषतः दमट हवेत, गुणगुण वाढते. उपाय एकच, थोडं पुढे जाऊन बोलायचं.

दुसरी गोष्ट जंगलाची. गडचिरोली जिल्ह्याचा दोन तृतीयांशाहून जास्त भाग जंगलाखाली आहे. ओल्या पानांत लहरी मुरतात, पण सगळ्या सारख्या नाही. लहर जितकी आखूड तितका तोटा जास्त. म्हणून मोबाइलचा सिग्नल झाडीत लवकर मरतो आणि 27 मेगाहर्ट्झ बऱ्यापैकी तग धरतो. उन्हाळ्यात साग निष्पर्ण झाला की वॉकी-टॉकी बरा चालतो, श्रावणात तोच सेट कमी पोहोचतो. अशा वेळी सेटला शिव्या देण्यात अर्थ नाही.

टेकड्यांना मात्र कुठलीच लहर सहज भेदत नाही. सपाट, मोकळ्या जागी 3 मीटर उंचीच्या दोन अँटेनांमध्ये हिशेबाने 14 किलोमीटर अंतर निघतं. झाडी आणि चढ-उतारात ते काही किलोमीटरवर येतं. खोलगट जागेत गाडी बंद पडली असेल तर सेट हातात घेऊन चढावर चालत जाणं हा कुठल्याही महागड्या भागापेक्षा चांगला उपाय आहे.

आणि कधी कधी दोष चक्क सूर्याचा असतो. साधारण 11 वर्षांच्या चक्रात सूर्य जोमात आला की 27 मेगाहर्ट्झच्या लहरी वरच्या वातावरणावरून परावर्तित होऊन हजारो किलोमीटर जातात. अनोळखी भाषेतली बडबड ऐकू आली तर सेट बिघडलेला नाही. वीज कडाडत असेल तर मात्र बोलणं बंद करून अँटेनाची केबल काढून ठेवावी.

मग जास्त वॉटचा सेट का नको?

कारण ताकद दुप्पट केली तरी समोरच्या सेटच्या मीटरवर अर्धाच आकडा वाढतो. आणि वॉट वाढवून तुम्ही फक्त जोरात बोलता, ऐकू काही जास्त येत नाही. खरखर तर ऐकण्यातली आहे. शिवाय 5 वॉटच्या वर गेलात की सूट संपते.

स्क्वेल्चच्या बटणाचंही तसंच. ते फिरवलं की खरखर गप्प होते, म्हणून बरेच जण ते शेवटपर्यंत फिरवून ठेवतात. पण त्याने फक्त दार बंद होतं. खरखर नेमकी थांबते तिथेच ते ठेवायचं. त्याच्या पुढे नेलं तर दूरवरून कोणी अडकलेला माणूस हाक मारत असेल, ती हाकसुद्धा खरखरीसोबत बाहेरच राहील. जंगलातल्या रस्त्यावर सेट ठेवायचा तो त्याच हाकेसाठी.