ज्वारीच्या राशीतला दवाखान्याचा वाटा
(लेखमाला : गाव आणि दवाखाना)

मागच्या भागात आपण 1946 च्या भोर समितीच्या अहवालापर्यंत आलो होतो. प्राथमिक आरोग्य केंद्राची कल्पना त्याच अहवालातून रुजली. आज सपाट भागात साधारण 30 हजार लोकसंख्येमागे एक केंद्र आणि 5 हजारांमागे एक उपकेंद्र असा सरकारी हिशेब आहे. शहापूरकडच्या माणसाला पुढची वाट पाठ असते : आजार बळावला की भंडाऱ्याचं सामान्य रुग्णालय, तिथून पाठवलं की नागपूरचं मेडिकल. या वाटेवर गाव फक्त रुग्ण म्हणून येतं. गाव दवाखान्याचं भागीदारही होऊ शकतं, हे मात्र आपल्याच विदर्भात, सेवाग्रामला करून दाखवलेलं आहे.

कस्तुरबा गांधी 22 फेब्रुवारी 1944 रोजी पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये, कैदेतच गेल्या. त्यांची शुश्रूषा करणाऱ्या डॉ. सुशीला नायर यांनी पुढे सेवाग्रामला बायका-मुलांसाठी छोटा दवाखाना उभा केला. तेच आजचं कस्तुरबा रुग्णालय. 1969 मध्ये, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, त्याला जोडून वैद्यकीय महाविद्यालय निघालं. तिथे शिकायला येणाऱ्या मुलांना सुरुवातीलाच खेड्यात शिबिराला राहावं लागतं आणि प्रत्येक तुकडी एक गाव दत्तक घेते.

पण मला खरं मोल वाटतं ते तिथल्या ज्वारीच्या योजनेचं. 1980 च्या सुमारास डॉ. उल्हास जाजू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती आसपासच्या खेड्यांत रुजवली. पैसा शेतकऱ्याच्या हातात वर्षभर नसतो, धान्य मात्र सुगीत असतं. म्हणून वर्गणी ज्वारीत, आणि तीही ऐपतीप्रमाणे : भूमिहीनाने कमी द्यायची, जमीनवाल्याने एकरांच्या हिशेबाने जास्त. त्या बदल्यात अचानक आलेल्या आजारात रुग्णालयातले उपचार मोफत. आधीपासून ठाऊक असलेल्या गोष्टी, म्हणजे बाळंतपण किंवा मोतीबिंदूची शस्त्रक्रिया, सवलतीत. गावातली बहुतेक घरं आली तरच गाव योजनेत घ्यायचं, ही अटही होती. ती मला फार शहाणपणाची वाटते. दोन-चार घरांनीच वर्गणी भरली असती तर निरोगी माणसं बाहेर राहिली असती, आजारी तेवढी आत आली असती आणि योजना वर्षभरात बुडाली असती. जमा ज्वारीतून गावातल्या आरोग्यसेवकाची औषधं आणि गावातलं काम चाले. रुग्णालयाचा मोठा खर्च त्या धान्यातून निघणं शक्य नव्हतं, तो इतर मार्गांनीच भागत होता. पण ज्याने रास मोजून दिली, त्याला डॉक्टरला जाब विचारायचं बळ आलं.

हे बळ आपल्या जिल्ह्याला किती हवं आहे, ते 9 जानेवारी 2021 च्या पहाटे कळलं. भंडाऱ्याच्या सामान्य रुग्णालयात नवजात बालकांच्या अतिदक्षता कक्षाला आग लागली आणि 10 बाळं दगावली. 7 बाळांना वाचवता आलं. वायरिंग, धूर ओळखणारी यंत्रणा, रात्रपाळीला हजर माणसं, या गोष्टी दुर्घटनेआधी कुणीतरी बाहेरच्या माणसाने विचारायला हव्यात. तशी जागा कागदावर आहेसुद्धा. 2005 च्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानापासून सरकारी दवाखान्यांना रुग्ण कल्याण समिती आहे आणि गावपातळीवर आरोग्य व पोषण समिती. 2007 पासून पुणे, अमरावती, नंदुरबार, ठाणे आणि तेव्हाचं उस्मानाबाद या पाच जिल्ह्यांत लोकाधारित देखरेख सुरू झाली. जनसुनवाईत बाया उठून बोलल्या, औषध बाहेरून का आणायला लावलं म्हणून अधिकाऱ्यांसमोर विचारू लागल्या.

आपल्याकडे ज्वारीऐवजी धान आहे, पण आता वर्गणी गोळा करायची गरजही नाही, कारण दवाखाना आपल्याच करातून चालतो. गरज आहे ती समितीच्या बैठकीला जाण्याची. निधी कशावर खर्च झाला, सर्पदंशावरच्या प्रतिविषाचा साठा किती, अग्निशामक नळकांड्याची मुदत कधी संपते, हे तिथे विचारता येतं. बैठक कशी मागायची आणि इतिवृत्त कसं मिळवायचं, ते पुढच्या भागात.