नवापूरच्या भाताला कस्तुरीचा वास?

सुरतेहून बुऱ्हाणपूरला निघालेला फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निये सतराव्या शतकात आपल्या खानदेशातून गेला. नवापूर, नंदुरबार, थाळनेर, चोपडा... आज एसटीने सहज उरकावी अशी वाट. गडी व्यापारी, वाटेत काय पिकतं, काय विकतं, सगळं टिपून ठेवणारा. १६७६ साली छापलेल्या प्रवासवर्णनात नवापूरच्या बारीक तांदळाबद्दल तो सांगतो, की शिजला की कस्तुरीचा वास येतो. इराणात कुणाला खूश करायचं, तर या तांदळाचं पोतं न्यावं म्हणे!

नाक तिखट, पण उपमा जरा चुकली. कस्तुरीचा रेणू वेगळा. सुवासिक भातात दरवळतं ते २-असेटिल-१-पायरोलिन. बासमतीत तेच, आंबेमोहरात तेच, गरम पॉपकॉर्नमध्येही तेच. पाण्याच्या अब्ज भागांत याचा एक दशांश भाग असला, तरी नाकाला कळतो. म्हणून तर पातेल्यावरचं झाकण जरा सरकवलं की ओसरीवर बसलेल्याला भूक लागते.

गंमत अशी, की हा वास बिघाडातून येतो. साध्या भातात एक विकर या वासाचा कच्चा माल परस्पर दुसरीकडे वळवतं. सुवासिक वाणांत त्या विकराचं जनुक मोडलेलं असतं. माल साचतो, त्याचाच सुगंध होतो.

रेणू मात्र भारी उडनछू. डब्यात वर्षभर पडलेला तांदूळ शिजवून पाहा, ओसरीवरचं कुणी उठून आत येणार नाही.