सायकल का कुरकुरते?

पायडल मारताना येणारा प्रत्येक आवाज तेलाने थांबत नाही. तो केव्हा येतो हे नीट ऐकले, तर दोष सापडतो, खर्च वाचतो आणि अपघातही टळतो.

घरातल्या सायकलीकडे सहसा दोनदाच लक्ष जाते. एकदा ती नवी येते तेव्हा आणि एकदा रस्त्यात बंद पडते तेव्हा. मधल्या काळात ती कुरकुरते, कटकट करते, पण ‘चालतेय ना, मग चालू द्या’ म्हणून विषय संपतो. फारच झाले तर स्वयंपाकघरातल्या बाटलीतले थोडे तेल साखळीवर ओतले जाते. आवाज दोन दिवस थांबतो, दोष मात्र तसाच राहतो.

ज्या मुलीची शाळा चार-पाच किलोमीटरवर आहे, तिच्यासाठी सायकल बंद पडणे म्हणजे शाळा बुडणे. बिहार सरकारने २००६ साली नववीतल्या मुलींना सायकलीसाठी पैसे देण्याची योजना सुरू केली, पुढे महाराष्ट्रातही अनेक मुलींना सायकली मिळाल्या, त्या हे अंतर कापता यावे म्हणूनच. सायकल दारात येते, पण ती ठणठणीत कशी ठेवावी हे बहुतेक घरांत कुणी सांगत नाही. खरे तर त्यासाठी कान आणि दहा मिनिटांचा वेळ पुरेसा आहे.

आवाज केव्हा येतो?

सायकलीचा सांगाडा पोकळ नळ्यांचा असतो. त्यामुळे सीटची कुरकूरही पायाखालून आल्यासारखी वाटते. म्हणून आवाज कुठून येतो यापेक्षा तो केव्हा येतो, हे आधी पाहा. मोकळ्या, सपाट रस्त्यावर सायकल चालवा आणि या गोष्टी तपासा.

• पायडल मारणे थांबवून सायकल नुसती पळू द्या. आवाज थांबला, तर दोष पायडल, दांडे, साखळी यांत आहे. आवाज सुरूच राहिला, तर चाक, मडगार्ड किंवा ब्रेक तपासा.

• आवाज पायडलच्या प्रत्येक फेरीला एकदाच येत असेल, तर पायडल, त्याचा दांडा, मधला आस किंवा पुढचे मोठे दातेरी चक्र म्हणजे चेनव्हील यांवर संशय घ्या.

• दोन-अडीच फेऱ्यांनी एकदा येत असेल, तर साखळीची एखादी कडी अडकत असावी. साखळीला पूर्ण एक फेरी मारायला पायडलच्या दोनपेक्षा जास्त फेऱ्या लागतात.

• सीटवरून किंचित उठून पायडल मारा. आवाज नाहीसा झाला, तर दोषी सीट किंवा तिची स्प्रिंग आहे. साखळीला उगाच हात लावू नका.

साखळीची तक्रार

कोरडी साखळी चिमणीसारखी चिवचिवते. पावसात भिजलेली सायकल तशीच उभी ठेवली, की दोन-तीन दिवसांत हा आवाज सुरू होतो. साखळी कापडाने पुसा, फार मळली असेल तर रॉकेल लावलेल्या ब्रशने साफ करा. हे काम चुलीपासून आणि गॅसपासून लांब, उघड्यावर करा. साखळी वाळली की प्रत्येक कडीवर सायकलीच्या तेलाचा एकेक थेंब सोडा आणि वरचे जास्तीचे तेल पुसून टाका, नाहीतर त्यावर धूळ बसते. खाण्याचे तेल वापरू नका. ते काही दिवसांत चिकट होते आणि धूळ धरून ठेवते. रिमला आणि ब्रेकच्या रबराला तेल लागता कामा नये.

साखळी पत्र्याच्या कव्हरला घासत असेल तर खरखर ऐकू येते. अशा वेळी कव्हर वाकले आहे की साखळी सैल झाली आहे, ते पाहा. मधोमध बोटाने दाबली असता साखळी साधारण अर्धा इंच हलावी. त्याहून फार सैल असेल तर खड्ड्यात उतरते, फार ताठ असेल तर सायकल जड चालते.

साखळी झिजली आहे का, हे फूटपट्टीने कळते. एका पिनेच्या मध्यावर शून्य धरा. नव्या साखळीत बरोबर १२ इंचांवर दुसऱ्या पिनेचा मध्य येतो. तो १/१६ इंच पुढे गेला असेल, तर साखळी बदलण्याची वेळ झाली. १/८ इंच पुढे गेला असेल, तर चक्रांचे दातेही झिजले असण्याची शक्यता असते. म्हणजेच वेळेवर साखळी बदलली, तर चक्रांचा खर्च वाचतो.

टक... टक... टक!

जोर दिला की प्रत्येक फेरीला ‘टक’ होते? साध्या सायकलीत याचे नेहमीचे कारण म्हणजे सैल झालेली कॉटर पिन. पायडलचा दांडा मधल्या आसाला धरून ठेवणारी ही छोटी पाचर नव्या सायकलीतही थोड्या दिवसांत सैल होऊ शकते.

सायकल उभी करून ब्रेक धरा, दोन्ही दांडे आडवे ठेवा आणि दोन्ही पायडलांवर एकदम दाब द्या. एक दांडा दुसऱ्याला सोडून हलला, तर पिन सैल आहे. नुसता नट आवळून भागत नाही, उलट त्याचे आटे जातात. कारागीर दांड्याला खालून आधार देऊन पिन ठोकून बसवतो आणि मग नट आवळतो. हे काम काही मिनिटांचे असते. पण तशीच सायकल चालवली, तर पिनेबरोबर दांड्याचे भोकही झिजते आणि दांडाच बदलावा लागतो.

दोन्ही दांडे एकत्र डावी-उजवीकडे डुगडुगत असतील, तर मधला आस म्हणजे ‘बीबी एक्सल’ सैल आहे. तिथून रेती दळल्यासारखी करकर येत असेल, तर छर्रे झिजले किंवा आत चिखल गेला असे समजा. पावसाळा संपल्यावर एकदा पूर्ण ओव्हरऑइलिंग करून घ्यावे, ते यासाठीच.

आवाज एकाच पायडलचा वाटत असेल, तर आधी फक्त उजव्या, मग फक्त डाव्या पायाने जोर द्या. स्वतः पायडल काढणार असाल तर एवढे लक्षात ठेवा, की डाव्या पायडलचे आटे उलटे असतात.

हा आवाज चांगला

पायडल थांबवल्यावर मागच्या चाकातून येणारी ‘कटकट’ मात्र निरोगी आहे. फ्रीव्हीलच्या आतले छोटे खटके, ज्यांना कारागीर ‘कुत्रे’ म्हणतात, दात्यांवरून सरकताना हा आवाज करतात. काळजी करायची ती कधी कटकट, कधी शांतता असे होऊ लागले तर. मळामुळे किंवा घट्ट ग्रीसमुळे कुत्रे अडकले, की पायडल अचानक रिकामे फिरते. चढावर, पूर्ण जोर दिलेला असताना असे झाले, तर चालवणारा तोल जाऊन पडू शकतो.

सायकल केव्हा बाहेर काढू नये?

साखळी दात्यांवरून ‘खाडकन’ उडत असेल, पायडल रिकामे फिरत असेल, दांडा हलत असेल किंवा सांगाड्याला वा दांड्याला चीर दिसत असेल, तर त्या दिवशी मुलांना सायकल देऊ नका. तपासणी सायकल स्टँडवर लावून करा. चाक फिरत असताना साखळीजवळ बोटे नेऊ नका. ओढणी आणि पदरही सांभाळा. लहान मुलांना तर त्या वेळी दूरच ठेवा.

दुरुस्तीला नेताना ‘आवाज येतो’ एवढेच सांगितले, तर कारागिराला सगळी सायकल उघडावी लागते. ‘उजव्या पायावर जोर दिला की प्रत्येक फेरीला एकदा टक होते’ असे सांगितले, तर तो थेट दोषापाशी पोहोचतो. मुले सायकल शिकतात तेव्हाच त्यांना हे ऐकायलाही शिकवा. रोज चालवणाऱ्याच्या कानाला बदललेला आवाज सगळ्यांत आधी कळतो.