होडीनें जाऊन वाट राखणें

भिवंडीकरांना पाण्याची वाट परकी नाहीं. कामवारी नदी आपल्या गांवालगत वाहते आणि पुढें खाडीला मिळते. आगगाडी व पक्क्या सडका होण्यापूर्वीं याच खाडीनें गलबतांतून मालाची ने-आण चाले. पाण्याच्या वाटेचा गुण असा, कीं होडी पुढें गेली म्हणजे तिची खूणही मागें उरत नाहीं. डोंगरांतील पायवाटेचें मात्र तसें नाहीं. ती माणसांच्या पायांनीं घडते आणि पुष्कळदां त्याच पायांनीं बिघडते. अशा अरण्यवाटांची निगा राखण्यासाठीं कांहीं माणसें स्वखुशीनें आणि बिनमोबदला होडींतून जातात. त्यांच्या कामाची आज ओळख करून द्यावयाची आहे.

अमेरिकेंतील मिनेसोटा राज्यांत, कॅनडाच्या सीमेवर, ‘बाउंड्री वॉटर्स’ नांवाचें अरण्य आहे. त्याचें क्षेत्र १० लक्ष एकरांहून अधिक असून त्यांत १,००० वर सरोवरें आहेत. १९६४ च्या कायद्यानें तें राखीव झालें, आणि १९७८ च्या दुसऱ्या कायद्यानें यंत्राच्या होड्यांवर कडक बंधनें आलीं. आंत सडक नाहीं. म्हणून प्रवासी ‘कनू’ नांवाची हलकी, दोन्ही टोकांना निमुळती होडी वल्हवीत जातो. एक सरोवर संपलें, कीं होडी उलटी करून खांद्यावर घ्यावयाची आणि मधल्या पायवाटेनें पुढच्या सरोवरापर्यंत चालत जावयाचें. अशा वाटेला तिकडे ‘पोर्टेज’ म्हणतात. तद्देशीय ओजिब्वे लोक आणि त्यांच्यामागून आलेले फ्रेंच भाषा बोलणारे कातड्यांचे व्यापारी याच रीतीनें प्रवास करीत. या वाटांची लांबी अजूनही ‘रॉड’ या जुन्या मापांत सांगतात. एक रॉड म्हणजे साडेसोळा फूट. सुमारें एका होडीएवढी लांबी.

आतां या वाटांवर झाड आडवें पडलें तर काय होतें? रिकामा मनुष्य त्यावरून चढून जाईल. परंतु डोक्यावर होडी असलेल्या माणसाला पायांखालचें धड दिसतही नाहीं. ४ जुलै १९९९ रोजीं तेथें प्रचंड वादळ झालें, आणि लाखों एकरांवरील झाडें आडवीं झालीं. राखीव अरण्यांत यंत्राची करवत सामान्यतः वर्ज्य असल्यामुळें ओंडके कापावयाचे ते दोघांनीं ओढावयाच्या लांब करवतीनें. येथें बळापेक्षां बुद्धीचें काम अधिक. अधांतरीं वांकलेल्या ओंडक्याची एक बाजू दाबलेली असते व दुसरी ताणलेली. दाबाच्या बाजूनें थोडें कापून मग ताणाच्या बाजूनें कापावें लागतें. एरवीं करवत अडकते, अथवा लांकूड उसळून कापणाऱ्यालाच इजा करतें. हत्यारांचीं पातीं झांकून, जड सामान होडीच्या मध्यभागीं तळाशीं ठेवावयाचें, हाही त्या शिस्तीचाच भाग होय.

तथापि वाटेचा खरा शत्रु पडलेलें झाड नव्हे; तो म्हणजे पाणी. उतारावरील वाटेनें पाणी धांवूं लागलें, कीं त्याचा वेग वाढतो आणि तें माती खरवडून नेतें. वाटेंत चिखल झाला म्हणजे चालणारे कडेनें जातात, वाट रुंदावते आणि कडेचें गवतही मरतें. यावर उपाय साधा आहे. थोड्याथोड्या अंतरावर दगडांची किंवा ओंडक्याची तिरपी ओळ वाटेंत पक्की पुरावयाची, म्हणजे पाणी उताराच्या बाजूला वळून निघून जातें. पानांनीं व गाळानें तिचें तोंड बुजतें, तें दरवर्षीं मोकळें करावयाचें. या कामाला नांव नाहीं, छायाचित्र नाहीं. पण वाट टिकते ती याच कामानें.

हा धडा मीं पुस्तकांतून शिकलों नाहीं. कांहीं वर्षांपूर्वीं आम्ही मित्र भिवंडी तालुक्यांतील दुगाडजवळच्या गुमतारा किल्ल्याची वाट साफ करण्यास गेलों. वळणावळणाची जुनी वाट आम्हांस लांब वाटली, म्हणून सरळ चढणीवरील झुडुपें कोयत्यांनीं तोडून आम्हीं जवळची वाट मोकळी केली आणि मोठ्या समाधानानें परतलों. पावसाळ्यानंतर पाहतों तों त्या वाटेची गुडघाभर खोल घळ झालेली! झाडांचीं मुळें उघडीं पडलीं होतीं, आणि दगडमातीचा ढीग खालच्या शेतांत येऊन साचला होता. शेताचे म्हातारे धनी रागावले नाहींत, एवढेंच म्हणाले, “पोरांनो, वाट तुम्हीं केलीत, पण पाण्याला ती दाखवलीत कशाला?” जुन्या वाटेचीं वळणें हीच तिची संरक्षणाची तजवीज होती, हें तेव्हां उमगलें.

होडीनें जाऊन मग अरण्यवाट चढावी, असें ठिकाण आपल्या महाराष्ट्रांतही आहे. सातारा जिल्ह्यांतील वासोटा किल्ल्याकडे जाणारा प्रवासी बामणोलीहून कोयनेच्या शिवसागर जलाशयांतून होडीनें जातो आणि पलीकडे उतरून दाट रानांतून गड चढतो. १९८५ सालीं तेथें कोयना अभयारण्य झालें, व २०१० पासून तें सह्याद्रि व्याघ्रप्रकल्पांत मोडतें. अशा ठिकाणीं वनखात्याच्या अनुज्ञेवांचून पाऊलही टाकतां येत नाहीं. मग कोयता किंवा कुदळ चालविण्याचें नांवच नको. आपल्या हातून होण्याजोगी पहिली सेवा म्हणजे आंखलेली वाट न सोडणें आणि नेलेली प्रत्येक वस्तु परत आणणें.

गुमतारा आपल्या अधिक जवळचा. १७८० च्या डिसेंबरांत याच दुगाडच्या परिसरांत मराठ्यांची इंग्रजांशीं लढाई झाली आणि रामचंद्र गणेश धारातीर्थीं पडले. अशा भूमीवर काम करूं इच्छिणाऱ्यांनीं क्रम ध्यानांत ठेवावा. प्रथम संबंधित खात्याची अनुज्ञा व गांवकऱ्यांचा सल्ला घ्यावा. मग पाणी कोठून येतें व कोठें जातें, तें एक पावसाळा पाहावें. नंतर पाण्याला वळण द्यावें, ढिले दगड बसवावे आणि कोयता सर्वांत शेवटीं हातीं घ्यावा. जुन्या बांधकामाचा दगड तर जाणत्यांवांचून हलवूंच नये.

रविवारचा एक दिवस यांत सहज खर्ची पडेल, आणि सायंकाळीं दाखविण्यासारखें हातीं कांहींच नसेल. परंतु पुढच्या श्रावणांत मुसळधार पावसांतही ती वाट कोरडी राहिली, आणि तिच्यावरून एखादी मोळीवाली बाई निर्धास्तपणें उतरली, तर आपली मजुरी पोंचली असें समजावें.