सम चित्रात कशी काढायची?

मित्रांनो, एक साधा प्रश्न. गाणं कागदावर कसं काढायचं? म्हणजे गाण्याचे शब्द लिहायचे नाहीत, सा रे ग म पण नाही. नुसतं चित्र बघून गाणं चाललंय असं वाटलं पाहिजे! गेली दोन वर्षं मी आपल्या मासिकात कॉमिक काढते. या वेळी संगीत नाटकावर चार पानं काढायला घेतली आणि या प्रश्नाशी येऊन अडकले. उत्तर शोधताना नाटक, सिनेमा आणि कॉमिक या तिघांचं गाण्याशी काय नातं आहे ते थोडंफार कळलं. तेच इथे सांगते.

आता तुम्ही म्हणाल, कॉन्व्हेंटवाली मुलगी आणि संगीत नाटक? तर आमच्या आंबिवलीच्या घरात आजोबांच्या नाट्यगीतांच्या कॅसेटींचा एक अख्खा खण आहे. मराठी मला शाळेपेक्षा त्या खणाने जास्त शिकवलं.

आधी थोडा इतिहास (घाबरू नका, व्हायवा नाही!). १८४३ मध्ये विष्णुदास भाव्यांनी सांगलीत 'सीतास्वयंवर' केलं, तेव्हा गाण्याचा भार मुख्यतः सूत्रधारावर असायचा. १८८० मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांनी पुण्यात 'संगीत शाकुंतल' आणलं आणि पात्रं स्वतःच गाऊ लागली. फरक लहान वाटतो, पण सगळा फंडा तिथेच आहे. सूत्रधार गातो तेव्हा आपल्याला गोष्ट कळते. शकुंतला स्वतः गाते तेव्हा तिच्या मनात काय चाललंय ते कळतं. १८८२ च्या 'सौभद्र'मध्ये तर शंभराच्या वर पदं! अर्जुन-सुभद्रेचं लग्न होणार हे पहिल्या रांगेपासून शेवटच्या रांगेपर्यंत सगळ्यांना माहीत असतं. पुढे काय होणार यासाठी कोणी येत नाही, कसं होणार यासाठी येतात. म्हणून चार ओळींचं पद दहा मिनिटं चाललं तरी कोणी घड्याळ बघत नाही. उलट 'वन्स मोअर' देतात! म्हणजे नाटकात गाणं सुरू झालं की गोष्टीचं घड्याळ थांबतं.

सिनेमाला हे परवडत नाही. १९३२ मध्ये प्रभातचा 'अयोध्येचा राजा' आला. त्यात हरिश्चंद्र झाले होते गोविंदराव टेंबे, आणि संगीतही त्यांचंच. हे तेच टेंबे, ज्यांनी १९११ च्या 'मानापमान'च्या चाली दिल्या होत्या. म्हणजे रंगभूमीचं गाणं सरळ चालत स्टुडिओत गेलं. तेव्हा प्लेबॅक नव्हता. नटाने कॅमेऱ्यासमोरच गायचं आणि वाजवणाऱ्यांनी फ्रेमच्या बाहेर बसायचं! पुढे १९३५ च्या सुमारास प्लेबॅक आला आणि गळा एकाचा, चेहरा दुसऱ्याचा अशी सोय झाली. त्याच वर्षी बालगंधर्वांनी 'धर्मात्मा'मध्ये संत एकनाथांचं काम केलं. ज्यांच्या भामिनीसाठी लोक रात्र रात्र बसत, ते सिनेमात काही रमले नाहीत. मला याचं एक कारण असं वाटतं की समोरून दाद आल्यावर पद फुलवत न्यायचं ही त्यांची सवय. कॅमेरा दाद देत नाही, वन्स मोअर तर नाहीच. तो 'कट' म्हणतो.

'कट्यार काळजात घुसली' घ्या. पुरुषोत्तम दारव्हेकरांचं नाटक १९६७ चं, संगीत पं. जितेंद्र अभिषेकींचं आणि खाँसाहेब झाले होते पं. वसंतराव देशपांडे. तिथे चेहरा, गळा, घाम सगळं एकाच माणसाचं. २०१५ च्या सिनेमात खाँसाहेबांचा चेहरा सचिन पिळगांवकरांचा आणि गळा राहुल देशपांड्यांचा, म्हणजे वसंतरावांच्या नातवाचा. सिनेमा मला आवडतो, दोनदा बघितलाय. पण त्यात कॅमेरा सतत फिरतो, कारण पडद्यावर काहीतरी 'घडत' राहावं लागतं. नाटकात एक माणूस उभा राहून गातो आणि तेवढंच पुरतं.

मग कॉमिकचं काय? तिथे घड्याळ वाचणाऱ्याच्या हातात असतं. एका फ्रेमवर तुम्ही दोन सेकंद थांबा नाहीतर दोन मिनिटं. म्हणून मला वाटतं की कॉमिक सिनेमापेक्षा संगीत नाटकाच्या जास्त जवळ आहे. हे मी एकटीच म्हणत नाही! फिलिपिन्समध्ये कार्लो व्हेरगारा नावाच्या चित्रकाराने २००२ मध्ये 'झाझा झाटर्ना' हे कॉमिक काढलं. ब्युटी पार्लर चालवणारा आदा एक दगड गिळतो आणि सुपरहिरॉइन होतो अशी धमाल गोष्ट. २००६ मध्ये त्याचं आधी संगीत नाटक झालं आणि त्याच वर्षी सिनेमाही. त्या देशात स्पॅनिश लोकांकडून आलेल्या 'सारस्वेला' नावाच्या गाण्याच्या नाटकांची जुनी परंपरा आहे, त्यामुळे कॉमिकमधली बाई स्टेजवर गाऊ लागली तर कोणाला नवल वाटलं नसावं. आपल्याकडे 'अमर चित्र कथा' सुरू झाली १९६७ मध्ये, म्हणजे 'कट्यार'च्याच वर्षी. पण या दोघांची गाठ काही पडली नाही.

आता मूळ प्रश्न. माझी घाई वेगळ्या कारणाने होती. आजोबांना गेल्या वर्षापासून जवळजवळ ऐकू येत नाही. मशीन लावलं तर बोलणं कळतं, पण गाणं म्हणजे नुसती खरखर, असं ते म्हणतात. कॅसेटींचा खण बंदच असतो. म्हणून ही चार पानं त्यांना 'ऐकू' यायला हवी होती. मी वहीत लिहून विचारलं, "आजोबा, तान कशी काढू?" ते म्हणाले, "तान राहू दे गं, आधी सम काढ. समेला सगळ्यांच्या माना एकदम खाली जातात बघ."

इथे इंजिनिअरिंग कामाला आलं! तीनताल सोळा मात्रांचा, चार-चारचे चार भाग. म्हणजे सरळ चार बाय चारची मॅट्रिक्स. एका पानावर सोळा फ्रेम. नववी मात्रा 'खाली', म्हणजे तिथे टाळी नाही, हात नुसता बाजूला जातो. म्हणून तिसऱ्या ओळीतली पहिली फ्रेम मी कोरी ठेवली. सोळावी फ्रेम झाली की पान उलटायचं आणि पुढच्या पानाची पहिली फ्रेम म्हणजे सम. त्या फ्रेममध्ये गाणारा नाहीच, फक्त ऐकणाऱ्यांच्या माना. पान उलटायला जो क्षणभर वेळ लागतो ना, समेआधीची ती धाकधूक तीच!

यातून एक गोष्ट पक्की कळली. गाणं गाणाऱ्याच्या तोंडात दिसत नाही, ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर दिसतं. उघडं तोंड काढलं तर जांभईसुद्धा तशीच दिसते. स्टेजवर एक पात्र गात असताना दुसरं दहा मिनिटं नुसतं उभं असतं, सगळ्यात कठीण काम बहुतेक त्याचंच.

आजोबांनी पानं बघितली. तिसऱ्या ओळीशी आल्यावर कोऱ्या फ्रेमवर बोट ठेवून म्हणाले, "खाली." मला एवढंच हवं होतं.

असो. सबमिशनच्या धांदलीतून एखादा रविवार मिळाला तर एक प्रयोग करा. कल्याणच्या अत्रे रंगमंदिरात किंवा डोंबिवलीच्या सावित्रीबाई फुले नाट्यगृहात संगीत नाटक लागलं की जा. आंबिवलीहून कल्याण दोनच स्टेशनं! पद सुरू झालं की गाणाऱ्याकडे बघू नका, त्याच्या शेजारी उभ्या असलेल्या पात्राकडे बघा. मग हळूच मागे वळून अंधारातल्या माना बघा. तालातलं काही कळत नसलं तरी सम कुठे आली ते बरोबर दिसेल.